गोणपाट खाली अंथरायचं

कळसाडी, मालकांचं शेत
ता. ४ मे, रविवार

गोकुळदादा,

ममताचा राम राम. आधीच सांगते, माझं शुद्धलेखन आश्रमशाळेतच राहिलं आणि आठवीनंतर मी ते आणायला परत गेले नाही. ऱ्हस्व दीर्घ चुकेल, तू समजून घे. टाईप पण फार हळू होतं. एका बोटाने करते. हा फोन प्रतिभावहिनींचा जुना, म्हणजे मालकांच्या सुनेचा. त्यांनी नवीन घेतला तेव्हा मला दिला. काच ज्या कोपऱ्यात फुटली आहे तिथेच ळ आहे, म्हणून तुझं नाव लिहायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

फोन का करत नाही असं विचारू नको. फोन कानाला लावला की माझं तोंड बंद होतं, तुला माहीत आहे. मागच्या वेळी तू बोल ना, बोल ना म्हणत राहिलास आणि मी मान हलवत राहिले. फोनमधून मान दिसत नाही हे मला ठेवल्यावर कळलं. आपली घरची बोली मला लिहिता येत नाही, ती लिहायला कोणी शिकवलीच नाही. म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते. बा आणि आय जे बोलले ते पण मराठीतच लिहीन, तू मनात आपल्या बोलीत वाच.

इथे सगळे बरे आहेत. आयचा गुडघा दुखतो पण ती कोणाला सांगत नाही, उठताना भिंतीला हात लावते त्यावरून कळतं. कपाशीसाठी शेत तयार झालं, ठिबकच्या नळ्या अंथरून झाल्या. ऊन चव्वेचाळीस आहे असं भूपेश ट्रॅक्टरवाला सांगतो. तो रोज मोबाईलमध्ये बघतो आणि असं सांगतो जसं काय त्यानेच वाढवलं. अंकलेश्वरला तुझ्या कंपनीत पंखा आहे का? वेळेवर जेवतोस का?

आता एक गोष्ट. तू रागावशील म्हणून आयने सांगू नको म्हटलं होतं. आपल्याकडे कुत्री आहे.

दिवाळीनंतर बा ब्राह्मणपुरीला धापूबाई शेठाणीच्या दुकानात तेल मीठ आणायला गेला होता. येताना सदऱ्याच्या आत हात धरून आला. आयने विचारलं काय आणलं, बा म्हणाला मीठ. मग मीठ भुंकलं. शेठाणीच्या दुकानामागे कुत्रीला सहा पिल्लं झाली होती, त्यातलं हे सगळ्यात बारीक. रंगाने गव्हाळ, छातीवर पांढरा डाग, एक कान उभा आणि एक पडलेला. नाव अजून नाही. बा तिला नुसतं ए म्हणतो. तू आपल्या आधीच्या कुत्र्याचं नाव मेंबर ठेवलंस, ग्रामपंचायतीच्या प्रत्येक मिटिंगला जाऊन झोपायचा म्हणून. त्यावरून मालक हिला बघून म्हणाले, त्याले तरी पद व्हतं, हाई ते बिनखात्यानी शे. आता गावात सगळे तिला बिनखात्याचीच म्हणतात.

मेंबर गेला त्याला अठरा तारखेला वर्ष होईल. तू बाशी बोलत नाहीस त्यालाही तेवढंच.

मी तुला कुत्रीबद्दल यासाठी लिहिते की बाने तिला थंडीत कसं ठेवलं ते कोणीतरी तुला सांगायला पाहिजे. बा स्वतः सांगणार नाही. तो तर आम्हाला पण सांगत नाही, करत राहतो.

या वर्षी थंडी अशी होती की पहाटे ठिबकच्या नळीतलं पाणी हाताला चावायचं. मोलगीकडचे पाहुणे आले होते, ते म्हणाले वर डोंगरात गवतावर दव गोठलं होतं. कुत्री तेव्हा एवढीशी पोर. पहिल्या रात्री चुलीत शिरून राखेत झोपली आणि पाठीवरचे केस जाळून घेतले. वर आपल्या गावी कुत्री अशीच झोपतात, मला त्यात काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बाने ऊस तोडलेल्या शेतातून सुकं पाचट आणलं, तागाच्या पोत्यात भरलं, आणि बाभळीच्या चार लाकडांची छोटी खाट केली. जमिनीपासून वीतभर उंच. मी विचारलं, उंच कशाला? तर म्हणाला, थंडी वरून कमी येते, खालून जास्त येते. खाट भिंतीच्या मागे ठेवली, पहाडाकडून वारा येतो त्याच्या उलट बाजूला. प्लॅस्टिकची गोणी नको म्हणाला, ती आतून घाम धरते. दर आठ दिवसांनी पाचट काढून उन्हात टाकायचा, नवीन भरायचा, त्यात कडूलिंबाचा पाला घालायचा गोचीड होऊ नये म्हणून.

भूपेशने ती खाट बघितली आणि आयसमोर म्हणाला, "जालमसिंगकाका, कुत्रीले खाट करी दिनी, काकूले कव्हय करशी?"

आय भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, काकूला खाट आहे रे, तिच्यावर तुझे काका पाय पसरतात.

बा हसला. दादा, तू गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

आणखी सांगते. थंडीत तिला आंघोळ नाही, नुसतं नारळाच्या काथ्याने पुसायचं. संध्याकाळी अर्धी भाकर जास्त, कोमट पाण्यात कुस्करून, कारण थंडीत अंगाला जळण लागतं असं बा म्हणतो. आणि भूपेशचा ट्रॅक्टर. त्याचं इंजिन रात्री गरम राहतं म्हणून ती खाट सोडून त्याच्याखाली जाऊन झोपायची. तर बा रोज सकाळी भूपेशच्या आधी जाऊन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर तीन थापा मारायचा. ती बाहेर आली की मग भूपेशला सांगायचा, कर चालू. सगळी थंडी त्याने एक दिवस चुकवला नाही. एक दिवस ताप होता तरी गोधडी घेऊन गेला.

मला वाटायचं बाला जनावरांतले फक्त बैल कळतात.

आता उन्हाळ्यात काय करतो ते पण सांगायचं होतं, पण बोट दुखायला लागलं. एवढंच लिहिते. ओलं गोणपाट तिच्या खाली अंथरतो. वर नाही टाकत. खाली. ते का ते नंतर लिहीन.

तुझी,
ममता


कळसाडी
ता. ८ मे, गुरुवार

गोकुळदादा,

राम राम. तुझा मेसेज मिळाला. चार ओळी होत्या, मी चाळीस वेळा वाचल्या असतील. तू लिहिलंस की ज्याने मेंबरला पत्र्याच्या खोलीत बांधून मारलं त्याला कुत्रं पाळायचा हक्क नाही. आणि पंधरा तारखेला घरी येऊन तुझे दाखले आणि आधार कार्ड घेऊन जाणार, दुपारी, बा शेतात असेल तेव्हा, आणि मग जामनगरला दोन वर्षांचं काम, मध्ये येणार नाही.

मी हे आयला वाचून दाखवलं. बाला नाही. आयने तुझ्या पेटीवरची धूळ पुसली.

दादा, दोन वर्षं फार आहेत. म्हणून मी तुला आज बाचा उन्हाळा सांगते, सगळा. तू वाच आणि मग ठरव.

बा पहाटे पाचला उठून तिला बांधावरून फिरवून आणतो. नऊच्या आत ती घराजवळच्या कडूलिंबाखाली. त्यानंतर पाच वाजेपर्यंत तिला कुठे नेत नाही, कोणी बोलावलं तरी. शहाद्याच्या डांबरी रस्त्यावर न्यायचं झालं तर आधी स्वतः हाताची मागची बाजू रस्त्यावर ठेवतो आणि सावकाश पाचपर्यंत मोजतो. हात उचलावा लागला तर तिला खांद्यावर घेतो. आता ती वासराएवढी झाली आहे आणि बा बारीक, तर लोक थांबून बघतात. परवा स्टँडवर एक बाई म्हणाली, मेंढी कितीला दिली?

कडूलिंबाखाली त्याने दोन हात लांब आणि वीतभर खोल खड्डा केला आहे, त्यात नाल्यातली वाळू. सकाळी वाळूवर पाणी मारतो, त्यावर ओलं गोणपाट अंथरतो. ती त्यात पोट टेकून झोपते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते तोंडाने आणि पायाच्या तळव्याने गरमी काढतं, म्हणून वारा मोकळा पाहिजे आणि पोट थंड पाहिजे. हे बाला जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं. केस कापू नका हे पण डॉक्टरनेच सांगितलं, केस उन्हाला अडवतात. भूपेश तिला न्हाव्याकडे नेऊ म्हणत होता.

पाण्याची मातीची कुंडी धापूबाई शेठाणीने दिली. तुला शेठाणी आठवते ना, ती दुकानाच्या पायरीवर बसते आणि गिऱ्हाईकाला आधी ओरडते मग सामान देते. त्यांच्या घरात शेवटची रोटी कुत्र्याची असते. कणीक कमी पडली तर घरातल्याची एक कमी होते, कुत्र्याची नाही. बा मागच्या वर्षी, मेंबर गेल्यानंतर, तिच्याकडे गेला होता. बाने विचारलं की पुढे कुत्रं आणलं तर उन्हात त्याच्यासाठी भांडं कोणतं ठेवू. ती म्हणाली, "जालमसिंग, सिमेंटची टाकी तापते, पत्र्याचं भांडं तापतं, आणि तुझं डोकं तापतं. माती घेऊन जा." आणि स्वतःच्या दारातली कुंडी उचलून दिली. बा ती डोक्यावर घेऊन ब्राह्मणपुरीपासून चालत आला. दिवसातून तीन वेळा तिचं पाणी बदलतो. शेठाणी अजून दर वेळी विचारते, मोठा आला का? बा म्हणतो येईल.

आणि डॉक्टरकडे बा कसा गेला ते ऐक. मेंबर गेल्यानंतर चौथ्या दिवशी. तू सोमवारी बॅग घेऊन गेलास, बा बुधवारी शहाद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेला. मला सोबत नेलं, पाटी वाचायला. तिथे म्हशी, शेळ्या, एक पोपट. बाच्या हातात काही नाही. नंबर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, जनावर कुठंय?

बा म्हणाला, "पुरलं."

मग आता कशाला आलात, डॉक्टरने विचारलं.

"तो कसा मेला ते सांगा. म्हणजे पुढचा मरणार नाही."

दादा, बाहेर एवढे लोक थांबले होते. कोणी हसलं पण. बा जागचा हलला नाही, टोपी हातात घेऊन उभा राहिला. डॉक्टरने खुर्ची दिली, मग सगळं नीट विचारलं, सकाळी किती वाजता, खोली कशाची, दार उघडं होतं का. बा सांगत गेला. डॉक्टरने पण अर्धा तास सांगितलं. बाला लिहिता येत नाही तर घरी येईपर्यंत जीपमध्ये तो ते सगळं पुन्हा पुन्हा म्हणत होता, आपण पाढे म्हणायचो तसं.

डॉक्टर काय काय म्हणाले ते मी पूर्ण लिहिलं नाही. एक राहिलं आहे. आज नाही लिहीत.

मला एवढंच म्हणायचं आहे की तू ज्या बाला सोडून गेलास तो हा बा आहे. शाळेत आम्हाला मोठ्या लोकांचे धडे होते, मी पाठ करायचे, कोण काय शिकला, कोण कुठे गेला. कुत्रं कसं मेलं हे विचारायला रिकाम्या हाताने जाणाऱ्या माणसाचा धडा नव्हता.

दुपारी येऊ नको ना. संध्याकाळी ये.

तुझी,
ममता


कळसाडी
ता. १२ मे, सोमवार

गोकुळदादा,

राम राम. तुझं उत्तर आलं. बाचं कौतुक पुरे, दुपारीच येणार, तिकीट काढलं. ठीक आहे.

हे तिसरं पत्र मी काल सुरू केलं होतं, तीन वेळा पुसलं. आज पुसणार नाही.

काल दुपारी कुत्रीला ऊन लागलं. अडीच वाजले होते. मुंगूस दिसलं म्हणून दोरी तोडून पळाली, थेट ढेकळांच्या शेतात. बा मागे धावला. परत आली ती धापा टाकत, जीभ पूर्ण बाहेर आणि जांभळी लाल, पाय असे वाकडे पडत होते. कडूलिंबाजवळ आली आणि एका अंगावर कोसळली. डोळे उघडे पण बघत नव्हते.

मी दारात होते. मी तसेच डोळे आधी बघितले आहेत.

बाने तिला सावलीत घेतलं. आयला म्हणाला सूप आण, वारा घाल. माठातलं नको, फार गार असतं, हौदातलं सावलीचं पाणी आण. मग माझ्याकडे बघितलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

बा म्हणाला, "ओत. हात थरथरला तरी चालेल. पाणी सांडायचंच आहे."

मग मी ओतलं. पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर, मानेखाली. बा सांगत होता कुठे. तोंडात नको, घशात जाईल, नुसती जीभ ओली कर. मी चार बादल्या ओतल्या. आय सुपाने वारा घालत होती, एक हात दुखला की दुसरा. आयने डोक्यावरचा पदर ओला करून कुत्रीच्या अंगावर टाकायला घेतला तर बाने तिचा हात धरला, जोरात नाही. म्हणाला, झाकायचं नाही. झाकलं की आतली वाफ आतच राहते. वारा लागू दे.

पाऊण तासाने तिने शेपूट हलवली. मग स्वतः उठून कुंडीतलं पाणी प्यायली, थोडंच. भूपेशच्या गाडीवर बा तिला मांडीवर घेऊन दवाखान्यात दाखवून आला. बरी आहे. आज सकाळी तिने आयची चप्पल खाल्ली.

आता ते राहिलेलं लिहिते.

मागच्या वर्षी अठरा तारखेला जेसीबी आला होता, मालकांचं शेततळं खोदायला. मेंबर चाकांपुढे पळायचा म्हणून बाने सकाळी त्याला विहिरीजवळच्या मोटारच्या पत्र्याच्या खोलीत बांधलं. दहापर्यंत तिथे सावली असते. मला म्हणाला, दहाला त्याला काढ आणि कडूलिंबाखाली आणून बांध. मी हो म्हटलं. बा लांबच्या शेतात गेला.

दहाला मी गेले. कडूलिंबाखाली माणसं बसली होती. जेसीबीचा ड्रायव्हर, मालक, शहाद्याचे आणखी चार पाच जण, चहा चालला होता. मेंबरला तिथे बांधायला मला त्यांच्यामधून जायचं होतं. नाव काय, कितवीत आहे, शाळा का सोडली, असं विचारतात ना ते लोक. मी त्याला घेऊन विहिरीपासून थोडं पुढे आले आणि थांबले. मला वाटलं आता उठतील. ते उठले नाहीत. मी त्याला परत खोलीत नेऊन बांधलं.

मेंबर धापा टाकत होता. त्याच्या भांड्यात पाणी भरलं. आणि आपण माठाला ओलं गोणपाट गुंडाळतो ना, पाणी गार राहतं, तसं मी घरून माठाचं गोणपाट आणलं, भिजवलं आणि मेंबरच्या अंगावर टाकलं. पूर्ण, मानेपर्यंत. ऊन आत येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं. साडेअकराला परत आले, गोणपाट पुन्हा भिजवलं. तो जीभ काढून होता, माझा हात चाटला. गोणपाट गार लागत होतं हाताला. मला वाटलं हे गार आहे म्हणजे तो पण गार असेल. माणसं अजून बसलेली होती. कोणीतरी विनोद केला, सगळे हसले. मी घरी जाऊन बसले.

एक वाजता ती माणसं गेली. मी खोलीकडे पळाले. मेंबर आडवा पडला होता, डोळे उघडे पण बघत नव्हते.

बा आला तेव्हा त्याने आधी ते गोणपाट काढून फेकलं. मेंबरला उचलून हौदाकडे नेलं. काही उपयोग झाला नाही. मग बा परत खोलीत आला आणि ते गोणपाट उचललं. ते आपल्या माठाचं होतं, कडेला आयची निळी शिवण. बाने ते बघितलं, घडी केली आणि बगलेत धरलं. मला काही विचारलं नाही.

संध्याकाळी तू कापसाच्या जिनिंगमधून काम करून आलास. दारातच विचारलं, कोणी बांधला होता? मी चुलीजवळ उभी होते. मी तोंड उघडलं होतं दादा, खरंच उघडलं होतं. माझ्या आधी बा बोलला. मी बांधला, विसरलो. तू त्याला म्हणालास, तुझ्या हाताखाली कोणी जगत नाही. बाने खाली बघितलं. आणि मी तोंड परत मिटलं. वर्षभर मिटलेलं आहे.

डॉक्टरने बाला तेच सांगितलं होतं जे मी लिहिलं नाही. बंद पत्र्याच्या खोलीत अंगावर ओलं टाकलं म्हणजे जिवंत जनावर वाफेत ठेवणं. माठ थंड होतो कारण त्याला श्वास घ्यायचा नसतो. डॉक्टरने विचारलं, गोणपाट कोणी टाकलं? मी बाच्या शेजारी उभी होते. बा म्हणाला, मी. तिथे पण.

काल संध्याकाळी बा दोर वळत बसला होता, तुटलेल्या दोरीच्या जागी. कुत्री त्याच्या पायाशी. मी जाऊन बसले आणि विचारलं, तू दादाला खोटं का सांगितलंस? एवढं वाक्य बोलायला मला किती वेळ लागला काय सांगू. बा दोर वळत राहिला आणि माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं.

मग म्हणाला, "गोकुळ माझ्यावर रागावला तर वर्ष, दोन वर्षं. बापाला चालतं. तुझ्यावर ओरडला असता तर तू जे दोन शब्द बोलतेस ते पण बंद केले असतेस."

मी म्हटलं, पण चूक माझी होती.

"बांधला मी होता. पोरीला त्या माणसांमधून जाता येत नाही, हे बापाला माहीत नको?"

मी म्हटलं मी दादाला लिहिणार आहे. बाने दोराला पीळ दिला. मला वाटलं नको म्हणेल. म्हणाला, लिहायचं तर सगळं लिही. माणसं बसली होती ते पण लिही, नाहीतर त्याला वाटेल तू आळस केलास.

तर सगळं लिहिलं.

दादा, बाने तुला मेंबर परत दिला नाही, कोणी देऊ शकत नाही. पण त्याने वर्षभर माझी चूक स्वतःच्या नावावर ठेवली आणि त्यातून शिकत पण तोच राहिला. थंडीत खाट केली ती त्याने, शहाद्याला हसणाऱ्या लोकांमध्ये उभा राहिला तो. शिकायला मी पाहिजे होते. आणि तरी तो मला कधी एकदाही म्हणाला नाही की बघ, असं करायचं असतं. नुसता तांब्या पुढे धरला.

गुरुवारी ये. दुपारी नको, पाचनंतर ये, बा घरी असतो. तुझे कागद मी पेटीतून काढले आहेत पण मी तुला देणार नाही, ते बाकडे दिले आहेत, त्याच्या हातून घ्यावे लागतील. तुला जे ओरडायचं असेल ते माझ्यावर ओरड. मी आत पळणार नाही. अंगणात उभी राहीन आणि उत्तर देईन, मान हलवून नाही, तोंडाने. भूपेश असला, मालक असले, कोणी पण बसलेलं असलं तरी.

आणि यायचंच नसेल तर बासाठी एक ओळ पाठव. त्याला वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचून दाखवीन.

मेंबरला ज्या बहिणीने कोंडलं, ती तुझी
ममता

शेजारच्या शेतातल्या भीमसिंगकाकाच्या म्हशीला आज जुळं झालं. दोन्ही पारड्या.